गांडुळाचे डोळे

सांतियागोहून विमान, मग बस,
मग तराफ्यावरून बससकट खाडी,
आणि शेवटचे दोन किलोमीटर आमच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर.
एवढं करून बावीस मुलं येतात
चिखलात हात घालायला.

आम्हाला लहानपणी हेच काम
दंगा केल्याची शिक्षा म्हणून मिळायचं.
आता त्याला तिकीट आहे
आणि ते फाडते मी.

चिलोए बेटावर एप्रिल म्हणजे पानगळ.
पाऊस असतोच. इथे त्याला कुणी पाऊस म्हणत नाही,
हवा म्हणतात.
गमबूट मापाप्रमाणे रांगेत लावून ठेवते मी,
तरी एका जोडीत दोन्ही डावे निघतात, दरवर्षी.

आईला, म्हणजे एदुविना चिगुआय, वय सहासष्ट,
आमच्या पत्रकात ‘मार्गदर्शक’ म्हटलंय.
कुणी तशी हाक मारली
की ती मागे वळून बघते, कोण आलं म्हणून.

फार बोलत नाही. कुदळ देते, वाफा दाखवते.
“बुंध्यावर नाही, बाजूला मारा.
चिरलात, तर तोच तुमच्या ताटात वाढीन.”

मग निघायला लागतात
जांभळे, काळे, म्हाताऱ्या बोटांसारखे वाकडे,
आणि तो एक, कापला की आत निळी नक्षी,
त्याला आम्ही चेटकीण म्हणतो.
मुलं किंचाळतात.
दुकानातला बटाटा इतकी वर्षं
त्यांच्याशी खोटं बोलत आला होता.

बाल्तासार नावाचा एक मुलगा
हातमोजे घालून उभा, कडेला,
हातमोज्यांवरूनच जंतुनाशक चोळत.
त्याच्या बुटापाशी माती हलली.
तो वाकला. म्हणाला,
“बटाट्याला डोळे आहेत असं म्हणालात तुम्ही.
मग याला कुठे आहेत?”

आई गप्प.
समुद्रशेवाळाचं खत किती दिवस कुजवायचं ते तिला विचारा,
मेंढीला ताप आहे हे ती कानाला हात लावून सांगते.
पण साठ वर्षं ज्याला नुसतं कुदळीच्या वाटेतून बाजूला सारलं
त्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली,
हे कधी कुणी विचारलंच नव्हतं तिला.

“माहीत नाही,” ती म्हणाली.
मी मागून खुणावलं, काहीतरी सांग, पैसे घेतलेत आपण.
तर ती गुडघ्यांवर बसली.
तेच गुडघे, जे चर्चमध्येसुद्धा वाकत नाहीत आताशा.

खोक्याचा पुठ्ठा मागवला. भिजवला.
अर्ध्यावर स्वतःची लोकरी टोपी तंबूसारखी उभी केली
आणि मधोमध ठेवलं ते गांडूळ.
बावीस मुलं, एक बाई, एक ट्रॅक्टरवाला,
कुणी शिंकलंसुद्धा नाही.

ते लांब झालं. आखडलं. लांब झालं.
टोपीखाली गेलं.
“पुन्हा,” बाल्तासार म्हणाला.
पुठ्ठा फिरवला. पुन्हा टोपीखाली.
“पुन्हा.”
तिसऱ्या वेळी ते भलतीकडेच निघालं.
“कंटाळलं,” मागून कुणीतरी म्हणालं,
आणि त्याहून बरं उत्तर आमच्यापाशी नव्हतं.

“डोळे दिसत नाहीत,” आई म्हणाली,
“पण उजेड कळतो त्याला.
कातडीनंच बघत असेल.”
असेल, म्हणाली. आहे, नाही म्हणाली.
मुलांनी वहीत तसंच लिहिलं.

एक हातमोजा मला आठवड्यानं खतात सापडला.
दुसरा अजून नाही.

त्या रात्री मी हिशोब लिहीत होते:
बावीस वाट्या सूप, एक कुदळीचा दांडा,
टोपी एक, धुवायला.
आई दिसेना.
बाहेर आले तर ती वाफ्यात बसलेली,
मनगटापर्यंत हात मातीत,
डोक्यावर काही नाही, वरून हवा पडतेय.
मी विजेरी धरली.

“बंद कर ती.”

“अगं, काय बघतेयस?”

“बघत नाहीये,” ती म्हणाली. “थांब जरा.”